सिग्नल सुटताच झटक्यात निघायचंय? आधी क्लचची जागा शोधा

हिरवा दिवा लागतो, आपण घाईत क्लच सोडतो, बाइक गचका खाऊन बंद पडते आणि मागून हॉर्न सुरू. रेस कमी पडली असं वाटतं, पण बहुतेक वेळा चूक क्लच एकदम सोडण्याची असते.

आधी मोकळ्या मैदानात जा. पहिला गिअर टाका आणि रेस न देता क्लच अगदी सावकाश सोडा. एका ठिकाणी इंजिनाचा आवाज जड होतो, गाडी पुढे ओढ घेते. ही जागा बोटांना पाठ व्हायला हवी. १५-२० वेळा करा, कंटाळा आला तरी.

मग रस्त्यावर:

१. दिवा बदलायच्या बेतात असताना पहिला गिअर. डावा पाय जमिनीवर, उजवा मागच्या ब्रेकवर.

२. थोडी रेस देऊन ती तशीच धरा.

३. ब्रेक सोडा. क्लच त्या जागेपर्यंत पटकन आणा, क्षणभर तिथेच धरा. गाडी हलली की उरलेला क्लच सोडत रेस वाढवा.

४. पहिल्या गिअरमध्ये ताणत बसू नका, लगेच दुसरा टाका.

अंग थोडं पुढे, गुडघे टाकीला चिकटलेले. मागे रेलून बसलात तर धक्क्यासरशी हात मागे जातो आणि रेस आपोआप वाढते. नवशिक्यांची गाडी उधळते ती अशीच!

पावसात झेब्रा क्रॉसिंगच्या पट्ट्यांवर मात्र हे करू नका, मागचं चाक घसरतं.