पेंटबॉल पहिल्यांदा खेळताय? आधी बोलायला शिका

छत्रपती संभाजीनगरला नोकरीला लागलो त्या वर्षी कंपनीतल्या पोरांसोबत शहराबाहेरच्या एका मैदानावर पेंटबॉल खेळायला गेलो. म्हणजे दोन संघ आडोशाआडून एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात, गोळी अंगावर फुटली की गडी बाद. पहिल्या डावात आमचे सातही जण पाच-सहा मिनिटांत बाद. समोरचे काही फार नेमबाज नव्हते. आम्ही सगळे एकाच टायरांच्या ढिगामागं दाटीवाटीनं बसलो होतो आणि कुणी कुणाशी एक शब्द बोलत नव्हतं.

आमच्यातला परभणीचा मित्र गावाकडं कबड्डी खेळलेला. दुसऱ्या डावाआधी त्यानं सगळ्यांना गोळा केलं. म्हणाला, "अबे, साखळीतला गडी मुका राहिला तर चढाईवाला निसटतोच की! दिसंल ते बोंबलून सांगा."

त्या दिवशी जे बदललं ते एवढंच. माणूस दिसला की तीन गोष्टी ओरडायच्या: कुठं, किती जण, कुठल्या बाजूला सरकतायत. "डावीकडं, निळ्या ड्रममागं, दोघं!" आडोशांना नावं खेळ सुरू होण्याआधीच ठरवून ठेवा, म्हणजे ऐन वेळी "तिकडं, तिकडं" होत नाही. शत्रू ऐकेल म्हणून गप्प बसू नका. आपण कुठं आहोत हे त्याला बहुतेक ठाऊकच असतं.

दुसरं, पांगा. आडोसा एकाच बाजूनं वाचवतो. समोरून एक जण गोळ्या झाडत राहिला आणि दुसरा बाजूनं वीस पावलं सरकला, की ड्रममागच्या माणसाची कूस उघडी पडते. पळणाऱ्यानं "निघालो!" म्हणायचं, मागच्यानं तेवढा वेळ मारा चालू ठेवायचा. हे दोघांचं काम आहे, एकट्यानं शौर्य दाखवायला गेलात की बाद. डोकं आडोशाच्या वरून काढू नका, कडेनं काढा, आणि दर वेळी त्याच जागेवरून डोकावू नका. समोरचा तिथंच नेम धरून बसलेला असतो.

हा खेळ सुरू झाला तोच मुळी नेमबाजीपेक्षा डोक्यावर. २७ जून १९८१ रोजी अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरच्या जंगलात १२ जण झाडांवर आणि गुरांवर खुणा करायच्या बंदुका घेऊन उतरले. म्हणून आजही या खेळातल्या बंदुकीला मार्कर म्हणतात. झेंडे गोळा करून जिंकला तो गडी एकही गोळी न झाडता!

गोळीबद्दल थोडं. ती साधारण ०.६८ इंच व्यासाची, जिलेटिनच्या कवचाची, आत पाण्यानं धुतला जाणारा रंग. वेग बहुतेक ठिकाणी सेकंदाला ३०० फुटांच्या आत ठेवतात. डोळ्याला लागली तर डोळा जाऊ शकतो, म्हणून मैदानात मास्क काढायचा नाही. काचेवर वाफ धरली, घाम आला, काहीही झालं तरी नाही. काही दिसेनासं झालं तर हात वर करून बाहेर या, मग काढा. डाव संपला की नळीवर कव्हर चढवा. आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात गोळ्यांचा डबा गाडीत ठेवला की गोळ्या मऊ पडतात, एकमेकींना चिकटतात आणि नळीतच फुटतात. सावलीत ठेवा, आणि शक्यतो सकाळीच खेळा. पाणी भरपूर न्या.

गोळ्या जपून वापरा. घाबरलेला नवखा शंभर गोळ्या बघता बघता उडवतो.

एक नियम मला फार मोलाचा वाटतो: बाद झालेल्यानं बोलायचं नाही. तिसऱ्या डावात माझ्या खांद्यावर रंग फुटला. हात वर करून बाहेर निघालो, तर बाभळीच्या खोडामागं एक जण आमच्या परभणीकरावर नेम धरून बसलेला. सांगता येत नव्हतं. पण बाद होण्याआधी अर्धा मिनिट मी ओरडलो होतो, "बाभळीकडं एक सरकलाय!" परभणीकर त्या बाजूला तोंड करूनच बसला होता.