प्रत्यर्पणाची चौकशी: तारखा, कागद आणि बचावाचा हक्क

परक्या देशाने मागितलेली व्यक्ती भारतातून पाठवायची का, याची चौकशी प्रत्यर्पण कायदा, 1962 खाली दंडाधिकाऱ्यांसमोर होते. हा खटला नव्हे. सकृद्दर्शनी पुरावा आहे का, एवढेच पाहायचे. दोष ठरवणे त्या देशाच्या न्यायालयाचे काम.

फायलीत सर्वांत आधी केंद्र सरकारचा कलम 5 खालचा आदेश शोधा. तो मिळाल्यावरच दंडाधिकारी कलम 6 नुसार वॉरंट काढतात. इंटरपोलची रेड कॉर्नर नोटीस (फरार व्यक्तीला शोधण्याची देशोदेशींच्या पोलिसांना दिलेली सूचना) म्हणजे वॉरंट नाही. तातडीच्या विनंतीवरून कलम 34-ब खाली तात्पुरती अटक होऊ शकते, पण अटकेपासून 60 दिवसांत रीतसर मागणी आली नाही तर सुटका करावीच लागते. बचावाच्या वकिलाने ही तारीख पहिल्याच दिवशी डायरीत लिहावी. जामीन मागता येतो. कलम 25 नुसार त्यासाठी दंडाधिकाऱ्यांना सत्र न्यायालयाचे अधिकार असतात.

खरी गफलत कागदांत होते. परदेशात नोंदवलेले जबाब आरोपीच्या गैरहजेरीत घेतलेले असले तरी कलम 10 नुसार चालतात, मात्र ते रीतसर प्रमाणित हवेत: न्यायाधीशाचे किंवा अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र, शिवाय त्या देशाच्या मंत्र्याची अधिकृत मोहर किंवा साक्षीदाराची शपथ. नुसत्या झेरॉक्सवर हरकत घ्या, आणि ती लगेच नोंदवून घ्या. भाषांतराच्या प्रती बचावाला सुनावणीआधी पुरेशा लवकर मिळायला हव्यात; आदल्या संध्याकाळी गठ्ठा हाती देणे म्हणजे सुनावणी नाकारण्यासारखेच आहे.

मग गुन्हा तपासा. त्या देशाशी प्रत्यर्पण करार असेल तर करारातली व्याख्या लागू. नसेल तर किमान एक वर्ष कैदेची शिक्षा असलेला गुन्हा हवा. परदेशी कलमाच्या नावावर जाऊ नका, कृत्य काय घडले ते वाचा.

कलम 7 नुसार बचावाचाही पुरावा घ्यावाच लागतो: गुन्हा राजकीय स्वरूपाचा आहे, किंवा प्रत्यर्पणयोग्यच नाही. घाईत हाच टप्पा गाळला जातो आणि प्रकरण उच्च न्यायालयातल्या रिट याचिकेत अडकते.

पुरावा अपुरा असेल तर मुक्तता. पुरेसा असेल तर तुरुंगात रवानगी आणि केंद्राला अहवाल. त्याला आरोपीचे लेखी निवेदन जोडता येते, ते जरूर द्या, कारण अंतिम निर्णय सरकारचा असतो. तुरुंगात रवानगी झाल्यावर 15 दिवस त्या देशाकडे हस्तांतर करता येत नाही. उच्च न्यायालयात जायचे ते याच मुदतीत. दोन महिन्यांत हस्तांतर झाले नाही, तर कलम 24 खाली उच्च न्यायालयाकडे सुटकेचा अर्ज करता येतो. केंद्राला आधी रीतसर नोटीस द्यायला विसरू नका.