जाड कुशनचे रनिंग शूज घेताना दुकानातच करा ही तपासणी

दुकानात चार पावलं टाकली की जाड कुशनचे सगळेच शूज छान वाटतात; फसगत रस्त्यावर कळते. ज्यांचं पाऊल पळताना आत फारसं कलत नाही, त्यांनी एवढं बघावं.

१. संध्याकाळी जा, पाय थोडे फुगलेले असतात. पळायचेच मोजे घाला.
२. उभं राहून सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी.
३. बूट टेबलावर ठेवून मागून पाहा. टाच एका बाजूला कललेली दिसली तर दुसरा जोड मागा.
४. फरशीवर (गालिच्यावर नको!) एका पायावर ३० सेकंद उभे राहा. अनवाणी स्थिर राहता, पण बुटात घोटा डुगडुगतो? मग तो तुमच्यासाठी जास्तच मऊ. माझा भरवसा याच परीक्षेवर.

नवा जोड थेट शर्यतीत घालू नका.