वादळात छप्पर गमावलेली शाळा पुन्हा उभी करताना

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर आले, तेव्हा तिथल्या आणि शेजारच्या दापोली-मंडणगड भागातील घरांबरोबरच जिल्हा परिषदेच्या शाळांचीही कौले आणि पत्रे उडाले. अशा वेळी मुंबईतील चाकरमान्यांची ग्राममंडळे, महाविद्यालयांतील विद्यार्थी आणि सेवाभावी संस्था मदतीला निघतात. त्यांच्याकडे उत्साह भरपूर असतो आणि पावसाळ्यापूर्वी हाती असलेले दिवस मात्र मोजके. ते दिवस कशावर खर्च करावेत, यासाठी हे मार्गदर्शन आहे.

सर्वप्रथम हे ध्यानात ठेवावे की इमारत जिल्हा परिषदेची आहे. पंचनामा होण्यापूर्वी मोडतोड हलवली, तर शाळेचा नुकसानभरपाईचा दावा कमकुवत होतो. म्हणून आधी प्रत्येक खोलीची आतून-बाहेरून छायाचित्रे काढावीत आणि मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती व ग्रामपंचायत यांच्याशी बोलून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी परवानगी मागावी. बांधकाम विभागाच्या अभियंत्याने भिंती पाहिल्याशिवाय छपराचा खर्च काढू नये. ज्या इमारतीच्या निर्लेखनाचा, म्हणजे ती निकामी ठरवून पाडण्याचा, प्रस्ताव आधीच गेलेला आहे, तिच्यावर नवे पत्रे चढवणे म्हणजे देणगीदारांचे पैसे वाया घालवणे होय; तिथे वर्ग भरवण्यासाठी समाजमंदिर किंवा मंदिराचा सभामंडप मिळवून देणे अधिक उपयोगाचे ठरते.

परवानगीची वाट पाहत असतानाही काही कामे थांबत नाहीत. वीजपुरवठा मुख्य कळीपासून बंद आहे याची खात्री करून घ्यावी. भिजलेले जनरल रजिस्टर हे शाळेतील सर्वांत मोलाचे दप्तर असते, कारण गावातील कित्येक पिढ्यांचे जन्मतारखेचे आणि जातीचे पुरावे त्यातच असतात. ते उन्हात वाळवू नये, चिकटलेली पाने ओढून सोडवू नयेत. सावलीत, वाऱ्यावर, सुट्या होतील तेवढ्या पानांत कोरा शोषक कागद घालून आणि तो वारंवार बदलून वाळवावे. पोषण आहाराचा भिजलेला तांदूळ पंचनाम्यात नोंदवून बाजूला काढावा. तो मुलांना शिजवून घालू नये. उघड्या भिंतींच्या माथ्यावर ताडपत्री टाकावी, कारण जांभ्याच्या भिंतीत, विशेषतः मातीत रचलेल्या, वरून पाणी मुरत राहिले तर भिंतच खचू शकते.

आता छपराविषयी. वारा छपरावरून जाताना त्याला वर ओढतो आणि उघड्या खिडक्यांतून व पडवीतून आत शिरलेला वारा खालून ढकलतो. हे दोन्ही जोर एकत्र आले की छप्पर सुटते. ओढ सर्वाधिक असते ती कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्याजवळ. म्हणून तेथे पत्रे जखडणारे हूक एकमेकांच्या जवळ हवेत. मधल्या भागात अंतर थोडे वाढले तरी चालते. नेमके अंतर अभियंत्याने आयएस ८७५ या भारतीय मानकाच्या वाऱ्यासंबंधीच्या तिसऱ्या भागानुसार ठरवावे. हूक पन्हळीच्या उंचवट्यावरच बसवावा, खोलगट भागात नव्हे, आणि त्याखाली वॉशर असावा. समुद्राच्या खाऱ्या हवेत साधे लोखंड लवकर गंजते, तेव्हा हूक, नट, वॉशर सगळे जस्तलेपित घ्यावे. पत्रा जाड घेऊन हूक स्वस्तातले आणण्याची काटकसर फार घातक आहे. पावसाळी वारा ज्या दिशेने येतो, तिच्या विरुद्ध टोकापासून पत्रे चढवायला सुरुवात करावी, म्हणजे जोडाची उघडी कड वाऱ्याच्या तोंडी येत नाही.

पत्रा घट्ट बसला तरी कैची, म्हणजे छपराला तोलून धरणारा त्रिकोणी सांगाडा, भिंतीला बांधलेली नसेल, तर सगळे छप्पर एकसंध उडते. भिंतीच्या माथ्यावर सलग काँक्रीटचा पट्टा ओतून त्यात आधीच बसवलेल्या बोल्टांना कैच्या जखडाव्यात. या पट्ट्यावर निदान सात दिवस पाणी मारावे लागते. तेवढा काळ नसेल, तर अभियंत्याला विचारून तात्पुरती व्यवस्था करावी आणि पक्के काम दिवाळीनंतर घ्यावे. पडवीचे छप्पर मुख्य छपरापासून वेगळे ठेवले, तर ते उडाले तरी वर्गखोली वाचते.

जुने सिमेंटचे पत्रे बहुधा ॲस्बेस्टॉसचे, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू असलेले, असतात. ते फोडू किंवा कापू नयेत. ओले करून, योग्य मुखपट्टी लावून, अखंड उतरवावेत, आणि हे काम विद्यार्थ्यांकडे कधीही देऊ नये.

छपरावर चढणे हे एकूणच सुतारांचे काम आहे. गावातील सुतार आणि गवंडी यांचीही घरे पडलेली असतात, म्हणून त्यांना फुकट राबवू नये, चालू दराने मजुरी द्यावी. स्वयंसेवकांनी कौले निवडणे, राडारोडा हलवणे, साहित्य वाहणे आणि हिशेब ठेवणे एवढे चोख केले तरी पुष्कळ झाले. भिंतींवर चित्रे काढण्याची हौस प्रत्येक गटाला असते. रंगाचे पैसे आधी हुकांवर, पन्हाळीवर आणि मुलींच्या स्वच्छतागृहाच्या दारावर खर्च करावेत.

काम संपल्यावर पावत्या, साहित्याची यादी आणि जोडांची छायाचित्रे व्यवस्थापन समितीच्या बैठकीत सुपूर्द करून ठरावात नोंदवून घ्यावीत. दर मे महिन्यात नट आवळणे, कुजलेले वॉशर बदलणे आणि छपरावर वाकलेल्या माडाच्या झावळ्या व आंब्याच्या फांद्या तोडणे ही कामे कोण करणार, हेही त्याच ठरावात नावानिशी लिहून घ्यावे.