बी धरायचंय? मग फूल आदल्या संध्याकाळी बांधा

वनस्पती उद्यानाच्या खाद्यवनस्पती विभागात नव्याने लागलेल्यांसाठी हे लिहितोय. पेरणी, पाणी, कंपोस्ट तुम्हाला येतं असं धरून चालतो. मी जिथे तोंडावर आपटलो, तेवढंच सांगतो.

पहिल्या हंगामात माझ्याकडे झुकिनीचा वाफा होता. पाच-सहा पावलांवर शोभेच्या भोपळ्यांचा मांडव, छोटे, गाठाळ, पट्ट्यापट्ट्यांचे. झुकिनी उत्तम आली. एक फळ झाडावरच जून होऊ दिलं, बी काढलं, धुतलं, सावलीत वाळवलं, पाकिटावर ठसठशीत अक्षरात नाव लिहिलं. फार अभिमान वाटला होता. पुढच्या वर्षी रोपं जोमाने वाढली, फळं मात्र जरा बुटकी आणि कडक सालीची. एक काप तोंडात टाकला आणि थुंकला. तरी तासभर जीभ कडूच.

झालं काय होतं? झुकिनी आणि शोभेचे बरेचसे छोटे भोपळे ही एकच जात, कुकुर्बिटा पेपो. मधमाशीने मांडवावरचे पराग माझ्या वाफ्यात आणले. फळाचा गर आईच्या झाडाचा असतो, म्हणून त्या वर्षीची झुकिनी चवीला अगदी नेहमीसारखी लागली. संकर झाला होता तो आतल्या बियांमध्ये. इथेच माणूस फसतो, कारण चूक एका वर्षी होते आणि दिसते दुसऱ्या वर्षी, तोवर पाकीट इतरांनाही वाटून झालेलं असतं. मी वाटलं होतं. तिघांकडून परत मागताना मान वर होत नव्हती.

हा कडवटपणा कुकुर्बिटासिन नावाच्या विषारी द्रव्याचा. शिजवून जात नाही, मसाल्याने झाकला तर उलट जास्त पोटात जातो. उलट्या, जुलाब होतात. झुकिनी किंवा भोपळा कडू लागला की थुंका आणि अख्खं फळ टाकून द्या. इथे काटकसर नको.

‘भोपळा’ या शब्दावर तर मुळीच विसंबू नका. दुधी भोपळा लॅजिनेरिया, कोहळा बेनिनकासा, ही कुळंच वेगळी वंशाची, त्यांचा झुकिनीशी संकर होत नाही. लाल भोपळा कुकुर्बिटाच, पण मोशाटा किंवा मॅक्झिमा जातीचा असतो, त्याचाही पेपोशी सहजी जमत नाही. म्हणून पाटीवरचं शास्त्रीय नाव आणि नोंदवहीतला क्रमांक बघा. पाटी हरवली असेल तर अंदाजाने नाव लिहू नका, कोरी ठेवा.

‘अंतर ठेवलं की झालं’ असं सांगणारे भेटतील. मधमाशी किलोमीटरभर सहज जाते, आणि उद्यानात तेवढी जागा कुणाच्या बापाची आहे? फूल बांधणं हाच उपाय. कळी पिवळी पडली की ती उद्या उमलणार. आदल्या संध्याकाळी नर आणि मादी दोन्ही कळ्यांची टोकं दोऱ्याने बांधा. मादी कळीच्या खाली इवलंसं फळ असतं, चुकायचा प्रश्नच नाही. पहाटे नर फूल तोडून पाकळ्या सोला, पराग मादीच्या मधल्या भागावर हलकेच चोळा, मादी फूल पुन्हा बांधा, देठाला तारखेची चिठ्ठी लावा. दुपारी जाल तर फुलं मिटलेली असतात.

आमचे माळीकाका पहिल्याच वर्षी फुलांना दोरे बांधताना मी पाहिले होते. किडीसाठी असेल असं समजून विचारलं नाही, आणि ते आपणहून बोलणाऱ्यातले नाहीत. तासभर स्लाइड दाखवणाऱ्या साहेबांपेक्षा मला काकाच बरे वाटतात, पण त्यांच्यामागे हिंडून विचारावं लागतं, तेही वाफ्यातच. चहाच्या वेळी ते काही सांगत नाहीत.

घाबरू मात्र नका. टोमॅटो आणि फरसबी बहुतेक वेळा स्वतःच्याच परागांवर भागवतात, बी धरायला तिथूनच सुरुवात करा. सफरचंद बियांपासून लावाल तर आईसारखं फळ येत नाही, त्याला कलमच हवं. आणि काहीही तोडून खाण्याआधी फवारणीची वही बघा. संग्रहातल्या झाडांवर काय मारलंय ते पान बघून कळत नाही.

यंदा मी सोळा मादी फुलं बांधली. पाच धरली, दोन सडली. उरलेल्या तिघांना चिठ्ठ्या आहेत, मांडव अजून तिथेच आहे.