पेठेत राहायचं का उपनगरात? घर घ्यायच्या आधी एवढं बघा

मी कोल्हापुरात शिवाजी पेठेत वाढलो आणि गेली सहा वर्षं उपनगरात, पाचगावच्या बाजूला राहतोय, त्यामुळं महिन्यातनं एकदा तरी कोणीतरी विचारतंच की इकडं घर घेऊ का गावातच, म्हणजे पेठेतच राहू. नुसता स्क्वेअर फुटाचा रेट बघून ठरवू नका. पाणी, पाऊस आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांची संध्याकाळ, ह्या तीन गोष्टी आधी बघा.

उपनगरात जागा बघायला लोक दिवाळीनंतर जातात, तेव्हा सगळीकडं पाणी असतंय. मे महिन्यात जा. आणि एजंटला नको, शेजारच्या बिल्डिंगमध्ये विचारा, "वहिनी, नळाला पाणी किती दिवसांनी येतंय, महिन्याला टँकर किती लागतात?" आम्हाला फ्लॅट घेताना बोअरला भरपूर पाणी आहे म्हणून सांगितलेलं, पहिल्याच एप्रिलमध्ये मोटर चालू केली की नुसती हवा यायची. रात्री साडेबाराला टँकर यायचा आणि टाकी भरेपर्यंत कोणीतरी जिन्यात बॅटरी घेऊन बसून राहायचं.

पावसाचं उलटं आहे. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि 2019 ला आणि 2021 ला पाणी त्याच्या लय वर गेलं, शाहूपुरीची कुंभार गल्ली, सुतारवाडा, नागाळा पार्क, सगळीकडं घराघरात शिरलं. पाचगाव, आर. के. नगर उंचावर, तिथं नदीचं पाणी येत नाही. पण महापुरात नदीतनं पाणी खेचणारी उपसा केंद्रंच बुडाली की न बुडलेल्या भागातले नळपण बंद पडतात हे लक्षात ठेवा. नदीच्या नाहीतर जयंती नाल्याच्या जवळ जागा बघत असाल तर पूररेषेचा नकाशा बघाच, शेजारच्या भिंतीवर 2021 च्या पाण्याची खूण कुठं आहे तेपण विचारा.

आता संध्याकाळ. पेठेत आई पाच वाजता उंबऱ्यावर बसायची, येणारा जाणारा प्रत्येक जण "काय काकू" म्हणून थांबायचा, बाबा गंगावेशीत दूधकट्ट्यावर जाऊन समोर पिळलेलं म्हशीचं दूध घेऊन यायचे. इकडं तिसऱ्या मजल्यावर आल्यावर पहिले तीन महिने आई खिडकीत बसून होती, मला हे आधी सुचायला पाहिजे होतं. म्हणून सांगतो, आईवडील सोबत असतील तर खालचा मजला बघा, मोठा रस्ता न ओलांडता चालत जाता येईल असं देऊळ नाहीतर बाग आहे का बघा, आणि केएमटीची (महापालिकेच्या बससेवेची) शेवटची बस किती वाजता आहे ते स्टॉपवर उभं राहून स्वतः बघा.

पोरांना मात्र इकडं सुख आहे, सायकल खेळायला जागा आहे, हवा आहे, गाडी दारात लागते. पेठेत नवरात्रात आणि गणपतीत स्वतःच्याच गल्लीत गाडी आणता येत नाही.

कागदांचं थोडक्यात. पेठेतल्या जुन्या घराचं प्रॉपर्टी कार्ड काढा आणि त्यावरची सगळी नावं मोजा, चार भाऊ आणि दोन बहिणी असतील तर सहाही जणांच्या सह्या पाहिजेत. उपनगरात सातबारा, त्यावरचे इतर हक्क आणि एनए (बिगरशेती) बघा. एक-दोन गुंठ्यांचा स्वस्त प्लॉट दाखवला की आधी गुंठेवारीतला आहे का आणि असला तर नियमित झालाय का विचारा, नाहीतर कर्जाला बँक दारात उभं करत नाही. ग्रामपंचायतीच्या घरफाळ्याची पावती म्हणजे मालकी नव्हे, ह्यात आमच्या ओळखीतला एक जण फसलाय.

तरीपण ठरत नसेल तर ज्या भागात घर घ्यायचंय तिथंच जूनपासून अकरा महिने भाड्यानं राहा, म्हणजे पाऊसपण बघून होतोय आणि एप्रिलचा टँकरपण.