जुन्या इंजिनातला तुटलेला बोल्ट कसा काढावा, गेलेले आटे कसे भरावेत

पाना फिरतोय, पण बोल्ट बाहेर येत नाही आणि हाताला रबर पिळल्यासारखं लागतंय? तिथेच थांबा. बोल्ट आतून पिळवटू लागलाय. आणखी थोडा जोर लावलात तर डोकं गोटीत (पान्याच्या सॉकेटमध्ये) येईल आणि दांडा इंजिनात राहील.

प्रीमियर पद्मिनी असो की मारुती ८००, दगा देणाऱ्या जागा ठरलेल्या असतात: एक्झॉस्ट मॅनिफोल्डचे (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचे) स्टड, म्हणजे बिनडोक्याचे आटेदार दांडे, आणि थर्मोस्टॅटच्या (कूलंटचा प्रवाह सोडणाऱ्या झडपेच्या) झाकणाचे बोल्ट. पहिले उष्णतेने गंजतात. दुसरे पोलादी, पण बसतात अॅल्युमिनियममध्ये. कूलंटचं पाणी झिरपलं की दोन धातूंमध्ये पांढरी भुकटी साचते आणि बोल्ट जाम होतो.

अजून तुटला नसेल तर

तारेच्या ब्रशने घासा, गंज सोडवणारं तेल मारा आणि रात्रभर सोडून द्या. सकाळी डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्या. गोटी सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी डोकं गोल करते. आधी किंचित आवळा, मग सोडवा. थोडं पुढे, थोडं मागे, मध्ये तेल.

तरी हलत नसेल तर शेक द्या. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, पेट्रोलचा पाइप दूर करा, तेल पुसून टाका, अग्निशामक जवळ ठेवा. ज्योत बोल्टवर नको, भोवतालच्या अॅल्युमिनियमवर फिरवा. अॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे पकड ढिली होते.

तुटलाच तर

तुकडा वर आलेला असेल तर वाइस ग्रिपने (घट्ट अडकून राहणाऱ्या पकडीने) धरून बघा. पृष्ठभागाशी सपाट तुटला असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आधी नट वेल्ड करून घ्या. तुटक्या तोंडावर नट ठेवायचा आणि त्याच्या भोकातून वेल्डिंग भरायचं. पोलादाचं वेल्डिंग अॅल्युमिनियमला धरत नाही, म्हणून भोकाचे आटे सहसा वाचतात आणि त्या उष्णतेने गंजही सुटतो. थोडं निवलं की हळूहळू पाना लावा. नट तीनचार वेळा निखळला तरी चिकाटी सोडू नका.

वेल्डिंगची सोय नसेल तर ड्रिल. इथे सगळा खेळ मध्यबिंदूचा आहे. तोंड कानशीने सपाट करा आणि सेंटर पंच बरोबर मध्यावर मारा. या खुणेला अर्धा तास लागला तरी लागू द्या. ड्रिल जरा सरकलं तर ते मऊ अॅल्युमिनियममध्ये घुसतं. एम-८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टला ३ मिमीपासून सुरुवात करा. वेग कमी, तेल भरपूर. डाव्या फेऱ्याचं ड्रिल मिळालं तर उत्तम, पुष्कळदा त्यानेच तुकडा उलटा फिरून बाहेर येतो.

‘ईझी आउट’वर (तुकड्यात भोक पाडून त्यात उलटं फिरवत घुसवायच्या हत्यारावर) मात्र जोर करू नका. ते फार कडक आणि ठिसूळ असतं. आत मोडलं तर साध्या ड्रिलने कापलं जात नाही आणि इंजिन स्पार्क इरोजनसाठी (विजेच्या ठिणग्यांनी धातू झिजवून काढण्यासाठी) न्यावं लागतं. त्यापेक्षा भोक ६.५ मिमीपर्यंत वाढवा, आट्यांचे उरलेले धागे टोच्याने काढा आणि टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवा.

आटे गेले असतील तर

इपॉक्सी भरून किंवा जाड बोल्ट कोंबून भागत नाही. हेलिकॉइल (भोकात नवे आटे देणारी तारेची कॉइल) बसवा. एम-८ साठी साधारण ८.३ मिमीचं ड्रिल लागतं, आणि टॅप किटमधलाच हवा. भोक बंद (आरपार नसलेलं) असेल तर ड्रिलला टेप गुंडाळून खोलीची खूण करा. उघड्या पोर्टमध्ये कापड कोंबा. टॅपला रॉकेल लावा. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कॉइल पृष्ठभागाच्या जरा खाली बसवा, तिच्या टोकाची आडवी शेपूट तोडा आणि तो तुकडा बाहेर काढायला विसरू नका.

अॅम्बेसेडरच्या जुन्या १४८९ सीसी इंजिनाचे आटे इंची आहेत. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, म्हणून एम-८ चा बोल्ट तोंडाशी बसल्यासारखा वाटतो, पण पिच (दोन आट्यांमधलं अंतर) वेगळा असतो. चांगल्या भोकांचे आटे असेच जातात.

हेड बोल्ट (सिलिंडर हेड धरून ठेवणारा) तुटला असेल तर यातलं काहीही घरी करू नका. इंजिन मशीनिंगवाल्याकडेच न्या.

परत बसवताना

बोल्ट नवाच घ्या. बंद भोकातलं तेल, पाणी हवेने उडवा. तळाशी साचलेल्या द्रवावर बोल्ट आवळला तर भोवतालचा धातू तडकतो. आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावा आणि टॉर्क मॅन्युअलच्या आकड्यापेक्षा थोडा कमी ठेवा, कारण तो आकडा बहुधा कोरड्या आट्यांचा असतो. एम-६ ला साधारण १० न्यूटन-मीटरच पुरतात, तिथे लांब दांडीचा पाना नकोच. मॅनिफोल्डचे नट इंजिन एकदा तापून पूर्ण निवल्यावर पुन्हा तपासा.